सर्वांची शाळा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्लंडमधील माध्यमिक शाळांविषयी काही सांगावे, असे मला सुचविण्यात आले. अंबाजोगाईत बसून विलायतेच्या शाळेची चर्चा कशासाठी, असे आपल्यापैकी कोणाला वाटले तर ते साहजिकच आहे. परंतु एक प्रश्न असा आहे की, त्यावर त्या देशात कित्येक वर्षे जाहीरपणे वाद झाला, कायदे झाले, सरकारी परिपत्रके निघाली. आपल्याकडे तोच प्रश्न दर जून महिन्यात प्रत्येक शाळेच्या कचेरीत मुकाट्याने निकालात निघतो. तो प्रश्न असा : गावातील सगळ्या मुलांनी एकाच शाळेत, एकाच वर्गात शिकावे, की हुशार म्हणून काही निवडून वेगळी काढावीत आणि उरलेल्यांना उरलेले म्हणूनच शिकवावे?

विलायतेला जाण्यापूर्वी आपल्या गावापासूनच सुरुवात करू.

अंबाजोगाई हे विद्येचे जुने ठाणे होय. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी येथे आहे. दासोपंतांनी कागद अपुरा पडला म्हणून की काय, भल्या मोठ्या कापडावर ग्रंथ लिहिला. ती पासोडी याच गावची. निजामी अमलात गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते आणि येथे फौजेची छावणी होती. त्या काळची शाळा आठवणारी माणसे आता फारशी उरली नाहीत, पण त्यांच्या तोंडचे शब्द आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असतील. प्राथमिक शाळेला तहतानिया, मिडल स्कूलला वस्तानिया, हायस्कूलला फौकानिया म्हणत. इयत्तेला जमात म्हणत आणि मुख्याध्यापकाला सदर मुदर्रिस.

त्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या देशातील भाषेतून वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा असे सगळे वरचे शिक्षण देता येते, हे त्या विद्यापीठाने उर्दूतून शिकवून सिद्ध केले. त्यासाठी भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उघडले आणि शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. ही कामगिरी मोठी होती आणि तिचा आपण अभिमान बाळगावा. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, असे या मुलांचे झाले. मुलाने आपल्या भाषेत शिकावे हे उस्मानियाचे तत्त्व बरोबरच होते. उणीव एवढीच की, ते सर्वांच्या मुलांना लागू झाले नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी मराठवाड्यातील लोकांनी जागोजाग स्वतःच्या शाळा काढल्या. औरंगाबादेस सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि आपल्या गावची योगेश्वरी ही त्यांतलीच. योगेश्वरी शिक्षण संस्थेची सुरुवात १९१७ सालची. पैशाचे पाठबळ बेताचे, खासगी शाळांवर सरकारी नियमांचा काच, आणि साधी सभा घ्यावयाची तरी गश्ती निशाण ५३ आडवे येणार. अशा दिवसांत ही शाळा टिकली ती गावाने ती आपली मानली म्हणून.

१९३५ च्या सुमारास हिप्परग्याहून स्वामी रामानंद तीर्थ येथे आले आणि मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजप्यांसारखे सहकारी त्यांना लाभले. संन्यास घेतलेला माणूस वर्गात खडू हातात घेऊन उभा राहतो, हे दृश्य त्या वेळच्या मुलांनी जन्मभर लक्षात ठेवले असले पाहिजे. १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली आणि ऑक्टोबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो लढा संपला. येथील वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. पण माझ्या दृष्टीने ते आधी मास्तर होते आणि मग पुढारी.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्या काळच्या कोणत्याही माध्यमिक शाळेत, मग ती सरकारी असो की खासगी, मराठी असो की उर्दू, मजुरांची मुले, दलितांची मुले आणि मुली हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच असत. कोणी त्यांना दारातून हाकलले असेल किंवा नसेल, पण ती दारापर्यंत आलीच नाहीत. शाळेचे दार उघडे ठेवणे ही एक गोष्ट झाली. सगळी मुले आत येतील आणि आत आल्यावर टिकतील अशी व्यवस्था करणे, ही दुसरी गोष्ट आणि अधिक अवघड.

इंग्लंडची गोष्ट या दुसऱ्या कामाची आहे.

१९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, तेथे शिक्षणाचा नवा कायदा झाला. बटलर या मंत्र्याच्या नावाने तो ओळखला जातो. या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. गिरणी कामगाराच्या मुलीलाही हायस्कूलचा हक्क मिळाला. पण व्यवहारात तीन प्रकारच्या शाळा झाल्या. पुस्तकी शिक्षणासाठी ग्रामर स्कूल, तांत्रिक शिक्षणासाठी टेक्निकल स्कूल आणि बाकीच्यांसाठी सेकंडरी मॉडर्न. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत, तेव्हा खरी विभागणी दोहोंतच राहिली. कोणते मूल कोठे जाणार हे ठरे अकराव्या वर्षी, एका परीक्षेने. तिला ते लोक इलेव्हन-प्लस म्हणत. साधारणपणे चार-पाच मुलांतून एक ग्रामर स्कूलला जाई. बाकीची नापास झाली असे कोणी कागदावर लिहीत नसे, पण घरात, गल्लीत आणि मुलाच्या मनात त्याचा अर्थ तोच होई.

या परीक्षेतील दोन गोष्टी मी मुद्दाम सांगतो, कारण त्या आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली अशी की, ग्रामर स्कूलच्या जागा सगळीकडे सारख्या नव्हत्या. एका जिल्ह्यात ज्या गुणांवर मूल हुशार ठरे, त्याच गुणांवर शेजारच्या जिल्ह्यात ते मागे राही. कित्येक ठिकाणी मुलींच्या जागा कमी, म्हणून मुलीला मुलापेक्षा जास्त गुण मिळवावे लागत. म्हणजे मोजली जात होती ती बुद्धी नव्हे, तर उपलब्ध बाके. दुसरी गोष्ट वयाची. तेथे शाळेचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते. सप्टेंबरात जन्मलेले मूल आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेले मूल एकाच वर्गात बसते. दोघांत जवळजवळ एक वर्षाचे अंतर. निवड करताना मोठी मुले वर आणि धाकटी खाली जाण्याकडे कल असतो, हे तेथील संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. धाकटे असणे म्हणजे मंद असणे नव्हे. पण लहान वयात शिक्का मारावयाचा म्हटले की, तो कोठेतरी असाच चुकून बसतो.

म्हणून काही शिक्षकांनी आणि काही नगरपालिकांनी असा विचार मांडला की, मुलांना वेगवेगळ्या शाळांत वाटण्याऐवजी शाळाच एवढी मोठी आणि एवढी संपन्न करावी की तीत सर्वांचे भागेल. या शाळेला कॉम्प्रिहेन्सिव्ह स्कूल असे नाव पडले. मी तिला 'सर्वांची शाळा' म्हणतो. लंडनमध्ये १९५४ साली किडब्रुक येथे अशी एक शाळा उघडली. मुद्दाम याच हेतूने बांधलेली लंडनमधील ही पहिली शाळा. दोन हजारांच्या आसपास मुली सामावतील एवढी तिची इमारत. पहिल्या मुख्याध्यापिका मेरी ग्रीन. जवळचे एक ग्रामर स्कूल बंद करून त्याच्या मुली येथे आणावयाच्या, असा लंडनच्या पालिकेचा बेत होता. त्याला पालकांनी विरोध केला आणि मंत्रिणबाईंनी तो बेत नामंजूर केला. म्हणजे सर्वांच्या शाळेतही पहिल्या दिवसापासून 'सर्व' नव्हतेच. हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आत शिरल्यावर या शाळेचे जीवन कसे होते? एवढ्या मोठ्या शाळेत मूल हरवून जाऊ नये म्हणून शाळेचे 'हाउस' पाडीत. प्रत्येक हाउसमध्ये सर्व वयांची आणि सर्व कुवतीची मुले असत. प्रत्येक लहान गटाला एक शिक्षक नेमलेला. मुलाची हजेरी, घरची अडचण, तब्येत, सगळे त्याच्या कानावर असे. त्याच इमारतीत लॅटिनचा वर्ग भरे आणि शिवणकामाचाही. प्रयोगशाळा होत्या, स्वयंपाकघरे होती. जिचे गणित कच्चे ती चित्रकलेत पुढे, जी भाषेत मागे ती विज्ञानात पुढे, हे एका छपराखाली रोज डोळ्यांना दिसे. दुपारी सगळ्या एकाच भोजनगृहात जेवीत. किडब्रुकचे हे भोजनगृह पुढे २००५ साली देशभर गाजले. शाळेतील जेवण सुधारण्याची एका प्रसिद्ध बल्लवाचार्याची मोहीम दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, ती याच शाळेच्या स्वयंपाकघरातून. तोवर तेथे मुलगेही येऊ लागले होते. १९८१ पासून ती दोघांची शाळा झाली. आता ती नव्या नावाने चालते.

१९६५ साली शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी दहा/पासष्ट क्रमांकाचे परिपत्रक काढून सर्व स्थानिक संस्थांना या पद्धतीकडे वळण्याच्या योजना पाठविण्यास सांगितले. १९७० मध्ये सरकार बदलले आणि नव्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी ते परिपत्रक मागे घेतले. तरीही त्यांच्याच कारकिर्दीत अशा शाळांची संख्या झपाट्याने वाढली, कारण आपले मूल अकराव्या वर्षी मागे पडावे असे कोणत्याच पक्षाच्या मतदाराला वाटत नव्हते. आज इंग्लंडमध्ये निवडून प्रवेश देणारी सरकारी ग्रामर स्कूल्स दीडशेच्या वर थोडी आहेत. बाकी बहुतेक मुले सर्वांच्या शाळेत जातात. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या उपखंडातील कुटुंबांची मुलेही याच शाळांतून वाढली. ब्रॅडफर्डच्या पालिकेने १९८३ मध्ये शाळेच्या जेवणात हलाल मांसाची सोय केली, तेव्हा त्यावरही वाद झाला. पण सर्वांची शाळा म्हणावयाचे तर सर्वांना जेवता आले पाहिजे, हे अखेर मान्य झाले.

या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. जेथे शाळा चांगली तेथे घरांच्या किमती वाढतात आणि पैसेवाले तेथे राहावयास जातात. म्हणजे दारावरची परीक्षा गेली आणि घरभाड्याची परीक्षा आली. शाळेच्या आतही अनेक ठिकाणी वरची तुकडी, खालची तुकडी पाडली गेली आणि जुनीच निवड नव्या इमारतीत राहावयास आली.

येथे आपण परत आपल्या गावी येऊ.

आपल्याकडे हा विचार परका नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एका पंक्तीत जेवत आणि आपापल्या पाळीने स्वयंपाक करीत. १९४० मध्ये त्यांनी तेथेच मोफत हायस्कूल सुरू केले. १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळेची आणि शेजारशाळेची शिफारस केली. त्या आयोगात कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक सदस्य-सचिव होते आणि पानिपतच्या हालींच्या वंशातील ख्वाजा गुलाम सय्यदैन हे सदस्य होते. दोघांचे म्हणणे ऐकावे असे होते. देशाने ते तत्त्वतः मान्य केले आणि व्यवहारात बाजूला ठेवले.

आपल्या राज्यात अकराव्या वर्षीची परीक्षा नाही. अभ्यासक्रम एक आहे. बालभारतीची पुस्तके मराठीत निघतात तशी उर्दूतही निघतात आणि दहावीचा पेपर सर्वांना सारखा. कागदावर पाहिले तर इंग्लंडने भांडून मिळविले ते आपणांस न भांडता मिळालेले आहे. मग आपली निवड कोठे होते? ती होते तुकडीच्या याद्या लावताना.

मी निरनिराळ्या शाळांतून बरीच वर्षे शिकविले. पाचवीला मुले आली की चौथीच्या गुणपत्रकावरून 'अ', 'ब', 'क', 'ड' पडावयाचे. 'अ' ला अनुभवी शिक्षक, प्रयोगशाळेजवळची खोली, सेमी इंग्रजी. 'ड' ला नवा उमेदवार आणि मैदानाकडची खोली, जेथे ऐकू येत नाही. दोन वर्षांनी 'ड' ची मुले खरोखरच मागे पडलेली असावयाची आणि आम्ही एकमेकांस म्हणावयाचे की, पाहा, आपला अंदाज बरोबर होता. रोपाला पाणी न घालता ते वाळले म्हणून बियाणे खराब ठरविण्याचाच हा प्रकार.

'ड' तुकडीत कोण असते, हे यादी पाहिल्याशिवाय सांगता येते. उसाच्या तोडीला आईबापांबरोबर गेलेली आणि दिवाळीनंतर वर्गात न दिसलेली मुले. हा बीड जिल्हा आहे, ही गोष्ट आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. घरी उर्दू किंवा दखनी बोलणारी आणि शाळेत मराठी वाचताना अडखळणारी मुले. लहान भावंड कडेवर घेऊन आलेली मुलगी. गॅरेजवर सकाळी काम करून उशिरा येणारा मुलगा. यांतील एकाचीही बुद्धी आपण मोजलेली नसते. आपण मोजतो ती त्यांची अडचण.

हुशार मुलांच्या पालकांची भीती मी जाणतो. माझे मूल इतरांमुळे मागे राहील काय? साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षक कोणाकोणाकडे पाहणार? ही भीती खोटी नाही. तिला उत्तर म्हणून उपदेश करून भागणार नाही, व्यवस्था दाखविली पाहिजे. म्हणून चार साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली : निदान आठवीपर्यंत गुणांवरून तुकड्या पाडू नयेत. हजेरीच्या क्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून पाडाव्यात. दुसरी : गणित आणि इंग्रजी या दोनच विषयांसाठी आठवड्यातून काही तास गट करावेत, पण गट दर तिमाहीला बदलावेत. एका विषयात मागे असलेले मूल सर्व विषयांत मागे समजू नये. तिसरी : शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षकाने सर्वांत अडलेल्या मुलांना शिकवावे. डॉक्टरांमध्ये अवघड रोगी मोठ्या डॉक्टरकडे पाठवितात, आपल्याकडेच उलटे का? चौथी : प्रत्येक शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुले नावानिशी सोपवावीत. मूल तीन दिवस आले नाही तर त्याने घरी चौकशी करावी. सातवी झालेली मुलगी जूनमध्ये आली नाही, तर पत्र न पाठविता शिक्षिकेने स्वतः जावे. या चारही गोष्टींना नवी इमारत लागत नाही की सरकारी मंजुरी लागत नाही.

हुशार मुलाचे यात नुकसान होत नाही. शेजारच्याला अपूर्णांक समजावून सांगताना तो स्वतःच पक्का होतो. शिवाय त्याला पुढे ज्या गावात डॉक्टर, वकील, कारकून किंवा व्यापारी म्हणून वावरावयाचे आहे, ते गाव 'अ' तुकडीचे नाही. ज्याच्याबरोबर बाकावर बसला नाही, त्याच्याशी तो पुढे काय बोलणार?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे खालच्या तुकडीत आहेत त्यांना एवढेच सांगतो : दारावर लिहिलेले अक्षर खोलीचे असते, तुमचे नसते. आणि जे वरच्या तुकडीत आहेत त्यांनाही तेच सांगतो.

पालकहो, शाळेचा निकाल विचारताना आपण पहिला कोण आला हे विचारतो. यंदापासून आणखी एक प्रश्न विचारा. पाचवीत आलेल्या मुलांपैकी किती दहावीला बसली? शंभरांतली शंभर बसली असतील, तर त्या शाळेचा निकाल लागला असे समजा. राहिलेली कोठे गेली, त्यांची नावे काय, हे शाळेला सांगता आले पाहिजे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद.